बोट खरी, इंजिन कुणाचं?

"काकू, पुण्याहून कधी आलात? या ना जरा कुंपणाशी. टोमॅटो कुठे पळून जात नाहीत."

"काल रात्री आले. आणि सकाळी पडदा सारते तर तुमच्या ड्राइव्हवेत हे धूड! ताडपत्रीखाली काय गं लपवलंय?"

"बोट! बावीस फुटी, १९५० ची क्रिस-क्राफ्ट स्पोर्ट्समन. सगळी महोगनीची."

"अगं बाई! म्हणजे 'ऑन गोल्डन पाँड'मधली?"

"त्याच जातीची. तिथूनच तर हे खूळ शिरलं. त्या सिनेमात हेन्री फोंडाला ऑस्कर मिळालं, कॅथरीन हेपबर्नला मिळालं आणि आता मला हे मिळालं."

"कितीला पडली?"

"ते विचारूच नका. स्वयंपाकघराचे ओटे बदलायचे होते ना, ते राहिले एवढं समजा. आणि त्यातही विकणारा म्हणाला 'इंजिन ओरिजिनल आहे', त्या एका शब्दावर आमच्या ह्याने घासाघीससुद्धा केली नाही."

"कशावरून ओरिजिनल?"

"निळा रंग, वर क्रिस-क्राफ्टचं नाव. झालं!"

"रंगाचं काय गं, डबा आणला की कुणीही फासतो. मी इंजिनं ओतायच्या कारखान्यात तपासनीस होते, मला नको सांगू. नंबर बघितला का?"

"बघितला तर! टॉर्च दातात धरून पालथा पडला होता दोन तास. ब्लॉकच्या कुशीला उठावदार आकडे सापडले, तेच वहीत लिहून घेतले आणि मित्रांना फोन करत सुटला."

"अगं, ते साच्याचे आकडे! ओतताना साच्यातूनच उमटतात, त्या साच्यातल्या प्रत्येक ब्लॉकवर तेच. क्रिस-क्राफ्टवाले तेव्हा सहा सिलिंडरची इंजिनं घडवायचे, पण मूळ ब्लॉक यायचे हर्क्युलिस मोटर्सकडून, कॅन्टनहून."

"आपल्या मिशिगनमधल्या कॅन्टनहून?"

"छे गं, ओहायोतल्या. हर्क्युलिसची इंजिनं ट्रकांत जायची, यंत्रांना लागायची, सगळीकडे. मग त्या साच्याच्या आकड्यावरून बोट कशी कळणार? खरा नंबर वेगळा. धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावर ठोकलेला."

"ती नंतर सापडली. रंगाचे थर चढले होते, मीच टूथब्रश आणि थिनर घेऊन बसले. आधी 'के' अक्षर उघडं पडलं, मग आकडे."

"म्हणजे के मॉडेल, ९५ हॉर्सपॉवरचं. बरं, पण हे झालं इंजिनाचं. बोटीचा नंबर?"

"तो लाकडातच ठोकलेला आहे, यू-२२ आणि पुढे आकडे. पण दोन्ही नंबर हातात आले तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, ते कसं कळणार? मग कुणीतरी सांगितलं, व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूजला मरिनर्स म्युझियम आहे, क्रिस-क्राफ्टचं जुनं दप्तर तिथे जपलंय. कंपनी मूळची इथलीच ना, अल्गोनॅकची. पण कागद तिकडे. पैसे भरून नंबर कळवला की बोटीच्या कार्डाची नक्कल पाठवतात."

"म्हणजे पत्रिकाच की!"

"हुबेहूब! बोट कधी रवाना झाली, कुठल्या डीलरकडे गेली आणि तिच्यात कुठलं इंजिन बसवलं, त्याच्या नंबरासकट. परवा ती पत्रिका आली. ह्याने लिफाफा देवापुढे ठेवून उघडला, काकू."

"आणि?"

"कार्डावर एम! १३० हॉर्सपॉवरचं. आणि पट्टीवर के. नंबराचा तर प्रश्नच मिटला."

"अरेरे! तरी त्याला ओळखता आलं नाही?"

"कसं येणार? दोन्ही सहा सिलिंडरची, दोन्ही फ्लॅटहेड, डोक्यावर तशाच ओळीने सहा स्पार्क प्लग. एम थोराड आहे म्हणतात, पण शेजारी ठेवायला दुसरं नको का?"

"मग खाली बघायचं. एम मोठं, त्याचे पाय वेगळ्या जागी येणार. इंजिन ज्या लांब तुळयांवर बसतं, त्यांच्यावर जुनी भोकं आहेत का?"

"आहेत की! चार-चार बोटांवर, लाकडाच्या गुट्ट्या ठोकून बुजवलेली. मी म्हटलं वाळवी लागली! ह्याच्याशी भांडलेसुद्धा."

"वाळवी कसली, एमचे बोल्ट होते तिथे. आणि पाण्यात पळते कशी?"

"पळते कसली, रखडते. थ्रॉटल पूर्ण दिला तरी आवाज चढत नाही. विकणारा म्हणाला, जुनी आहे, असंच चालायचं."

"पाण्यातला पंखा एमच्याच मापाचा राहिला असणार. १३० च्या ताकदीचा पंखा ९५ ने फिरवायचा म्हटल्यावर इंजिन आर.पी.एम. धरणार कुठून? पंखा तेवढा मापात आणा, बघ कशी सुटते ते."

"पण काकू, चांगलं एम काढून कुणी के कशाला बसवेल?"

"कुणी हौसेने नाही बसवत. मिशिगनचा हिवाळा! ही इंजिनं तळ्याचंच पाणी ओढून ब्लॉकमधून फिरवतात आणि बाहेर टाकतात. मोसम संपला की ब्लॉकमधलं पाणी काढायचं, मॅनिफोल्डच्या दुहेरी भिंतीत साठलेलंही काढायचं. एका वर्षी कुणी विसरला की पाण्याचा बर्फ होतो, फुगतो आणि ओतीव लोखंड तडकतं. अशा किती इंजिनांचा निकाल लागला असेल इथे! मग मिळेल ते बसवतात. काहींनी तर सरळ मोटारीची व्ही-८ घातलीत. त्या मानाने तुमचं निदान कंपनीचं, काळाला धरून आहे."

"हेच मी त्याला सांगतेय. चालतंय ना, मग चालू दे. पण तो विकणाऱ्यावर चिडलाय."

"त्या बिचाऱ्यालाही त्याच्या विकणाऱ्याने तेच सांगितलं असेल. ओरिजिनल म्हणजे याला वाटतं कारखान्यातलं, त्याला वाटतं मी घेतली तेव्हा होतं ते. कार्ड मागवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, एवढंच. आता तुमच्याकडे कागद आहे. उद्या विकाल तेव्हा तो सोबत द्या, म्हणजे पुढचा तरी फसणार नाही."

"विकतोय कुठला! उत्तरेकडे कुणाच्या तरी गोठ्यात एक एम पडलंय म्हणे, गंजलेलं. रविवारी आणायला निघालाय."

"ते नंबराचं थोडंच असणार? तेही परकंच!"

"मी म्हटलं ना तेच! तर म्हणतो, मॉडेल तरी जुळेल. आणि ठेवायला आमच्या गॅरेजात जागा नाही, म्हणून… तुम्ही पुण्यात असताना त्याने तुमचं गॅरेज टेपने मोजून ठेवलंय."

"माझं? बरं, आणू दे. पण म्हणावं, आधी तिथला माझा स्नोब्लोअर सुरू करून दे. त्याचं इंजिन ओरिजिनल आहे. पावतीसकट!"