घरात चांदीचं काही आहे का?

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, शेतातल्या भाड्याच्या दगडी घरात, ऑक्टोबरच्या रात्री ‘डॉग सोल्जर्स’ बघायची कल्पना पुतण्याची. सिनेमाभर तोंड चालू ठेवायची कल्पना मात्र माझी स्वतःची.

हा २००२ सालचा, बेताच्या पैशात केलेला ब्रिटिश भयपट. दिग्दर्शक नील मार्शलचा पहिलाच. सरावासाठी हायलँड्समध्ये उतरलेले सहा जवान, पौर्णिमा, आणि माणसांचे झालेले लांडगे. जवान शेतावरच्या घरात अडकतात, लांडगे बाहेरून दारं-खिडक्या फोडतात. संपली गोष्ट.

मी फिल्म सोसायटीचा जुना सभासद, गप्प कसा बसणार? “घराला वेढा पडला की नाही? हा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. एका जवानाचं नाव ब्रूस कॅम्पबेल, म्हणजे ‘इव्हिल डेड’चा नट. सार्जंट तर चक्क हॅरी जी. वेल्स! उसनं घेतलंय आणि वर पावतीही फाडलीय. आणि हे हायलँड्स बघताय ना, ते बरंचसं लक्झेंबर्ग आहे.”

“मग आपणही तिकडेच जायचं होतं,” बायको म्हणाली. इथलं भाडं तिच्या मनातून गेलेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर सिनेमा झकास होता. लांडगे संगणकातले नाहीत. बोहाड्यातल्या सोंगांसारखी आत खरी माणसं. जवान तर मरतानाही एकमेकांची टर उडवतात. सार्जंटची आतडी बाहेर येतात, तेव्हा त्याला व्हिस्की पाजून जखम सुपरग्लूनं चिकटवतात. वर एक कोली कुत्रं त्याचं बँडेज दातात धरून ओढतं. “कुत्रं बँडेज ओढतं? काहीही!” हे माझं त्या रात्रीचं शेवटचं समीक्षण.

दोनच्या सुमाराला बाहेर डरकाळी फुटली. घसा खरवडत आलेली, लांबलचक. ब्रिटनमधले लांडगे कित्येक शतकांपूर्वी संपले, हे जेवताना मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आता मीच अंधारात जेवणाचं टेबल दाराशी ओढत होतो. त्याचा पाय माझ्या करंगळीवर आला आणि दुसरी डरकाळी घरातून फुटली.

बायकोनं दिवा लावला.

“अहो, काय चाललंय?”

“घरात चांदीचं काही आहे का?” सिनेमातल्या लांडग्यांना चांदी सोसत नाही. तेवढ्यात मला तिची पावलं दिसली. “जोडवी काढ!”

तिनं माझ्याकडे, टेबलाकडे, मग दाराकडे बघितलं. “तुम्ही बाहेर जाऊन या. मग काढावीच लागतील.”

पुतण्या डोळे चोळत आला. रक्त बघून म्हणाला, “काका, सुपरग्लू आहे गाडीत. आणू?” पण गाडी बाहेर होती, आणि दार उघडायला मी तयार नव्हतो. शेवटी बायकोनं तिच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून बांधली.

सकाळी शेजारचा शेतकरी अंडी घेऊन आला, तर दार उघडेना. टेबल हटवायला दोघं लागले. पुतण्यानं त्याला सगळं रंगवून सांगितलं, काही माझ्या अंगावर जास्तीचंही घातलं. शेतकरी शांतपणे म्हणाला, लाल हरणाचा नर. शरदात माजावर आला की माद्यांसाठी असाच ओरडतो.

मी विषय बदलायला पाय पुढे करून अंड्यांचा भाव विचारला. त्याच्या मागून त्याचं काळं-पांढरं कोली कुत्रं आत आलं, माझा पाय हुंगला, आणि पट्टीचं सुटलेलं टोक दातात धरलं.