एकोणीस मिनिटांचे सोलापूर

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन स्थळांना जोडणाऱ्या लघुतम मार्गाची लांबी होय. तिच्यात ओढे, टपऱ्या आणि गतिरोधक धरले जात नसल्यामुळे ती कागदावर फार देखणी दिसते. बारामती आणि सोलापूर या दोन विमानतळांमधले हे अंतर सुमारे १५५ किलोमीटर, म्हणजे ८४ सागरी मैल भरते, कारण एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे लहान प्रवासी विमान ते जेमतेम १९ मिनिटांत कापील. जून २०२५ पासून सोलापूरहून गोव्याला विमान जाऊ लागले असले, तरी बारामतीचा विमानतळ मुख्यतः वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा असून तेथून नियमित प्रवासी सेवा नाही, ही बाब बारामतीजवळच्या कन्हेरीहून सोलापूरला निघालेल्या एका लेखकाने तपशिलात जमा केली. आयुष्यात कोठेही वेळेवर न पोहोचलेला हा गृहस्थ वेळापत्रकांचा मात्र गाढा अभ्यासक आहे.

कन्हेरीच्या ज्या मारुतीपुढे पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ फुटतो, त्याच्यापुढे लेखकानेही एक फोडला. तो नासका निघाला, परंतु गणित पक्के असल्यामुळे त्याने तिकडे दुर्लक्ष करून इंदापूरची एसटी धरली.

भवानीनगरच्या अलीकडे, म्हणजे आठेक किलोमीटर कापल्यावर, एसटी थांबली. गळीत हंगाम, म्हणजे ऊस गाळपाचे महिने, ऐन भरात होता आणि ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांपैकी मागची ट्रॉली रस्त्यावर आडवी झाली होती. लेखकाने तिकिटाच्या पाठीवर सरासरी वेग काढला: तासाभराने तो ताशी आठ किलोमीटर होता, दोन तासांनी चार, आणि गणिती नियमानुसार तो कितीही घसरला तरी शून्याला टेकणार नव्हता, एवढाच दिलासा उरला. वर एक प्रशिक्षणाचे विमान घिरट्या घालत होते. विमानतळाभोवतीच्या ठरावीक चौकोनी फेरीला वैमानिक ‘सर्किट’ म्हणतात, तीत पुष्कळ अंतर कापून निघाल्या जागीच उतरायचे असते, आणि तरीही लेखकाला त्या शिकाऊ वैमानिकाचा हेवा वाटला. एवढ्या वेळात विमानाने सहा वेळा सोलापूर गाठले असते, असे त्याने कंडक्टरला सोदाहरण पटवू पाहिले, तेव्हा उत्तर आले, “मग उडा की, सायेब!”

चिडलेला लेखक खाली उतरला आणि इतर प्रवाशांप्रमाणेच सांडलेल्या उसातले एक कांडे सोलून चघळू लागला. तेवढ्यात तोच ऊस पुन्हा भरण्यासाठी ऊसतोड मजुरांची टोळी येऊन पोहोचली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजतात. दोन माणसांचे मिळून एक हत्यार होते, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्याच हिशेबाने ठरते, आणि अंतर मोजण्याच्या नादात सागरी मैलापर्यंत पोहोचलेल्या लेखकाने हे एकक कधी वहीत घेतले नव्हते. पहाटेपासून राबलेली एक बाई वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, मोळी पुन्हा बांधत होती, मग ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढत होती, आणि खाली येऊन दुसरी बांधत होती.

लेखकाने कांडे पाठीमागे लपवले आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून दुसऱ्या हाताने एक मोळी उचलून पाहिली. ती गुडघ्यापर्यंतही आली नाही.