तिकीट काढून कात्रजचा घाट

पुण्यातल्या इतर उपनगरांना मॉल आहेत, मेट्रो आहे. आमच्या कात्रजला वाक्प्रचार आहे. एखाद्याला बेमालूम फसवलं की उभा महाराष्ट्र म्हणतो, ‘कात्रजचा घाट दाखवला.’ राहतो तिथला पत्ता सांगितला की समोरचा आधी खिसा चाचपतो.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल १६६३. महाराज लाल महालात शिरले, शाहिस्तेखानाची बोटं कापली आणि सिंहगडाकडे निघून गेले. मोगलांना मात्र कात्रजच्या घाटात पलिते दिसले. ते होते बैलांच्या शिंगांना बांधलेले. फौज बैलांमागे धावली. हे बैल समकालीन कागदांत कितपत सापडतात, असं विचारलं की अभ्यासक घसा खाकरतात आणि हॅनिबलनेही ख्रिस्तपूर्व २१७ मध्ये रोमनांना असेच बैल दाखवले होते, याची आठवण करून देतात. दाखवले असतील. वाक्प्रचार आमचा झाला.

हे सगळं आठवलं, कारण सोसायटीच्या ग्रुपवर एका नव्या भाडेकरूने भाबडेपणाने विचारलं, ‘ऐतिहासिक पिक्चर लागलाय, थिएटरात बघण्यासारखा आहे का?’ मिनिटाच्या आत सेक्रेटरींचं उत्तर आलं : ‘बघण्यासारखा आहे का, असं विचारायचं नसतं. जायचं असतं.’ झालं. आता पटकथा ढिली आहे म्हणायची सोय नाही. म्हटलंच, तर समोरचा विचारतो, ‘म्हणजे महाराजांबद्दल तुम्हाला...’ आणि वाक्य अर्धवट सोडतो. त्या तीन टिंबांच्या धाकाने आपण पाच तारे देऊन मोकळे होतो.

‘छावा’ लागला तेव्हा, २०२५च्या फेब्रुवारीत, याच ग्रुपवर करमुक्तीची चळवळ पेटली होती. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की महाराष्ट्राने करमणूक कर २०१७ मध्येच रद्द केलाय, त्यामुळे माफ करायला काही उरलेलंच नाही. ग्रुपवर दोन तास सुतकी शांतता. मग कुणीतरी लिहिलं, ‘मग पॉपकॉर्न करमुक्त करा.’ चळवळीतली ही एकच मागणी मला मनापासून पटली.

मी स्वतः जातोच. २०१९ साली ‘फत्तेशिकस्त’ला तर घरच्या मैदानावरचा सामना म्हणून गेलो, विषयच लाल महालाचा. माझी तक्रार एका सिनेमाबद्दल नाही, या अख्ख्या वाणाबद्दल आहे. लाल महालाची मोहीम फत्ते झाली कशामुळे? आवाज न केल्यामुळे. रमजानचा महिना, दमून झोपलेले आचारी, मुदपाकखान्याकडची चिणलेली वाट आणि अंधारात एकेक वीट काढणारे हात. वीट पडली असती तर खेळ खलास. आमचे दिग्दर्शक याच शांततेला घाबरतात. दबा धरून बसलेला मावळासुद्धा शंभर ढोलांच्या साथीने दबा धरतो. तलवार उपसायला इतका वेळ लागतो की माझा समोसा चटणीसकट संपतो. मागच्या खेपेला शेजारच्या आजोबांनी दहाव्या मिनिटाला कानातलं यंत्र काढून रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं आणि उरलेला सिनेमा प्रसन्न चेहऱ्याने पाहिला. पुढच्या रांगेत जिरेटोप घातलेला पाच वर्षांचा शिलेदार बापाच्या खांद्यावर गाढ झोपला होता. त्या गदारोळात! खरा गनिमी कावा तो.

पण मग थिएटरात बघावा का? बघावा. फोनवर गड पोह्याच्या पापडाएवढा दिसतो आणि घोडा कुठला, मावळा कुठला ते कळत नाही. मागची रांग घ्या, कापूस न्या. रात्रीचा शेवटचा खेळ मात्र टाळा. सुटल्यावर घाटाच्या दिशेने लाल दिव्यांची लांबच लांब रांग दिसेल. ते पलिते नाहीत. ती घरी निघालेली माणसं आहेत, आणि सगळी पहिल्या गिअरवर आहेत.