सर्व्हर बंद, लोकशाही चालू

बिदरच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कार्यालयाचे जाहीर अभिनंदन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. नेटवर्कवर कोण कोण हजर आहे याची यादी राखणारा प्रमुख तेथील जुने विंडोज संगणक चक्क निवडणूक घेऊन ठरवतात. ना आचारसंहिता, ना बोटाला शाई. आधी विंडोजची आवृत्ती आणि हुद्दा पाहतात; तेही सारखे निघाले तर जो जास्त वेळ न उठता बसून आहे, तो विजयी. कामाची चौकशी होत नाही.

पत्ते वाटणारा सर्व्हर बंद पडला तरी कोणाचे अडत नाही. प्रत्येक यंत्र 169.254ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन टाकते. ना अर्ज, ना एनए. अशा पत्त्यावरून वेशीबाहेर जाता येत नाही, म्हणजे सुरक्षेचाही खर्च वाचला.

2017पासून मायक्रोसॉफ्टने ही यादीची प्रथा मोडीत काढायला घेतली. कार्यालयाने परंपरा सोडली नाही.

यंत्र दर 12 मिनिटांनी हजेरी देते. अचानक बंद पडले, तर तीन हजेऱ्या चुकेपर्यंत, म्हणजे सुमारे 36 मिनिटे, यादीत ते जिवंतच असते. मग नाव कटते. हा नियम मतदारयादीलाही लावावा, अशी नम्र सूचना आम्ही केली. त्यावर एका अनुभवी कार्यकर्त्याने कडाडून हरकत घेतली :

“36 मिनिटांत नावं काढली, तर मतदान कोण करणार?”