चित्र गेलं, तज्ज्ञ आले

टीव्हीवर 'नो सिग्नल' झळकलं की घरातला प्रत्येक माणूस इंजिनिअर होतो. काका सेट-टॉप बॉक्सच्या टाळक्यात चापट मारतात, आजी केबलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि चिरंजीव 'नवाच घेऊया' असा तोडगा काढतात. रिमोटवरचं 'सोर्स' बटण मात्र कोणी दाबत नाही. टीव्ही बिचारा एचडीएमआय २ वर वाट बघतोय आणि बॉक्स जोडलाय १ ला.

जुना डीव्हीडी प्लेअर लावला तर वेगळाच तमाशा. चित्र कृष्णधवल! लगेच 'पिक्चर ट्यूब गेली' असं निदान, तेही सपाट एलईडी टीव्हीचं. खरं तर पिवळी पिन हिरव्या सॉकेटात बसलेली असते. कॉम्पोनंटच्या हिरव्या तारेतून फक्त उजेड-अंधाराची माहिती जाते, रंगांची निळ्या-लाल तारांतून. काही टीव्हींना हिरव्यात पिवळी चालते, पण तसं तिथे छापलेलं असतं. ते वाचायला मान वाकवावी लागते, आणि तज्ज्ञांची मान वाकत नाही.

फोर-के टीव्हीला लाखभर मोजणारे केबल मात्र फूटपाथवरून उचलतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर १८ गिगाबिट पेलणारी केबल लागते. नसेल तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मध्येच काळं होतं, आणि शिव्या कंपनीला.

तेव्हा मंडळी, आधी सोर्स बघा, पिना घट्ट बसवा, केबल बदलून पाहा. मेकॅनिकही आल्या आल्या हेच करतो, फक्त पैसे घेऊन.