कागदावर विद्यार्थी

मानेसर म्हणजे आपल्या शाळेतले माने सर नव्हेत. दिल्लीहून जयपूरच्या रस्त्याला लागलं, गुरुग्राम मागे पडलं की हे गाव येतं. गाव आपलं सवयीने म्हणायचं. आता तिथे महापालिका आहे. मोटारी, मोटरसायकली आणि त्यांचे हजार सुटे भाग इथे तयार होतात.

शिवाय विद्यार्थीही तयार होतात. विद्यापीठात नव्हे, कारखान्यात.

शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर उभं राहा. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, वय वीस-बावीस. यातला कायम कोण, कंत्राटी कोण आणि शिकाऊ कोण, हे चेहऱ्यावरून ओळखून दाखवा. नाही जमणार. कन्व्हेअरलाही जमत नाही. तो सगळ्यांना एकाच वेगाने पळवतो. फरक कळतो तो महिनाअखेरीस, बँकेच्या मेसेजमध्ये.

१९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याचं १८ वं कलम स्वच्छ सांगतं : अ‍ॅप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. पगार नाही, विद्यावेतन. बोल्ट तोच, पाना तोच, घाम तोच. फक्त शब्दकोश बदलला.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं कोण म्हणतंय? हातात कौशल्य यावं, हाच हेतू होता. पण पोरगा वर्षभर एकाच जागी उभा राहून एकच नट आवळत असेल, तर नेमकं काय शिकला? पहिल्या आठवड्यात नट आवळायला शिकला. उरलेल्या एकावन्न आठवड्यांत अर्थशास्त्र.

हे फक्त मानेसरचं आहे म्हणून हसू नका. चाकण, रांजणगावच्या वाचकांना ‘नीम ट्रेनी’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. ती योजना २०१३ ची. नियम कोणी केले? कामगार खात्याने? नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने. इंजिनीअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी संस्था एका सकाळी ठरवते की अमुक इतके तरुण कारखान्यात असतील, पण कर्मचारी नसतील. पुढे परिषदेनेच ती योजना गुंडाळली. तोवर लाइन चालू होती.

आता सांगा, हे शिक्षण धोरण की कामगार धोरण?

कारखानदाराला हा प्रश्न पडत नाही. त्याने दोन्ही विषय केव्हाच एकत्र शिकून घेतलेत, पदवीशिवाय.

विद्यापीठात मात्र हा प्रश्न पडतो. सामाजिक धोरण आणि शिक्षण धोरण एकत्र शिकवू या, असं कोणी सुचवलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, विभागप्रमुख कोण? दुसरा, क्रेडिट कोणाच्या खात्यात? विद्यार्थी काय शिकतील हा प्रश्न चहानंतर येतो. तोवर कोरम गेलेला असतो.

समजा, अभ्यासक्रम निघालाच. पोरगी दोन वर्षं मन लावून शिकली. प्राध्यापकाच्या जाहिरातीला अर्ज केला. उत्तर ठरलेलं : ‘संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी आवश्यक.’ संबंधित म्हणजे कोणता? शिक्षणशास्त्रवाले म्हणतात समाजशास्त्रात जा, समाजशास्त्रवाले म्हणतात समकक्षतेचा दाखला आणा. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण बहुविद्याशाखीय व्हा म्हणतं. छाननी समितीने ते अजून वाचलेलं नाही.

दरम्यान बी.एड.च्या वर्गात पाठ टाचण काढायला शिकवतात. हर्बार्टची पंचपदी पाठ असते. समोरचं मूल वर्गात उपाशी का येतं आणि ऑक्टोबरनंतर येतच का नाही, याची पदी कितवी?

पुन्हा मानेसरला येऊ. अलियार, ढाणा, नाहरपूर कासन ही तिथली गावं. शेती गेली, खोल्या उगवल्या. मधे अंगण, चहूबाजूंनी एकाला एक लागून खोल्या, प्रत्येक मजल्यावर सामाईक नळ आणि संडास. खाली घरमालकाचं किराणा दुकान. भाडेकरूने सामान तिथूनच घ्यायचं, हा बऱ्याच ठिकाणी अलिखित नियम. वीज मालकाच्या दराने. बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा कामगार इथे राहतो. लिखित भाडेकरार मागितला तर मालक हसतो. फार मागितला तर खोली रिकामी करायला सांगतो.

या खोलीतलं मूल जुलै उलटल्यावर शाळेत जातं. शाळा मागते आधीच्या शाळेचा दाखला, आधार, पत्त्याचा पुरावा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. दाखला यायला उशीर झाला, हेही नाकारण्याचं कारण होत नाही. कायदा दिल्लीत माहीत असतो. शाळेच्या फाटकावरच्या माणसाला वरून आलेली यादी माहीत असते.

म्हणजे पोराचं शिक्षण अडलं कशावर? फळ्यावर, पुस्तकावर, गुरुजींवर? भाडेकरारावर! हा धडा कोणत्या विभागात शिकवणार? नगररचना म्हणेल आमचा नाही. शिक्षणशास्त्र म्हणेल आमचा तर मुळीच नाही.

हरियाणाने २०२० मध्ये कायदा केला : महिना ५० हजारांपर्यंतच्या (अंमलबजावणीच्या वेळी ३० हजारांपर्यंतच्या) खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक हवेत. उद्योजक म्हणाले, कुशल माणसं स्थानिक मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने कायदाच रद्द केला. स्थानिक पोरं कुशल का नाहीत, याचं उत्तर कुठे शोधायचं? शाळेत आणि आयटीआयमध्ये. पण शाळा सुधारायला दहा वर्षं लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. कायदा एका अधिवेशनात होतो. हिशेब सरळ आहे.

जुलै २०१२ मध्ये इथल्या मारुतीच्या कारखान्यात हिंसाचार झाला, एका व्यवस्थापकाचा जीव गेला, १४८ कामगारांना अटक झाली. २०१७ मध्ये त्यातले ११७ निर्दोष सुटले. व्यवस्थापनाच्या वर्गांत या प्रकरणाच्या केस स्टडी झाल्या. आयटीआय करून आलेल्या पोरांना शिक्षणाने काय सांगून पाठवलं होतं आणि गेटच्या आत काय मिळालं, यावर शिक्षणशास्त्राच्या वर्गात किती तास झाले?

इथेच केंद्र सरकारची कंपनी व्यवहारांची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स. कंपन्यांची सामाजिक जबाबदारी हा तिथला एक विषय. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के समाजासाठी खर्चायला सांगितलं. शिक्षण त्यात बसतं. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च बसत नाही. आता आपल्याच लाइनवरच्या कंत्राटी माणसाचं मूल ‘कर्मचारी’त धरायचं की ‘समाजा’त?

पगाराच्या वेळी समाजात. वार्षिक अहवालातल्या फोटोच्या वेळीही समाजात. सोयीचं आहे.

परदेशात समाज आणि शिक्षण एकत्र पाहणं नवीन नाही. बेव्हरिजने १९४२ च्या अहवालात ब्रिटनच्या वाटेतले पाच राक्षस मोजले. त्यात गरिबी, रोगराई, गलिच्छ वस्ती, बेकारी यांच्याच रांगेत अज्ञान होतं. आणि आपल्याकडे? जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला हेच सुनावलं होतं. कर भरतो शेतकरी, शिकतात वरचे; शिक्षक असा हवा जो वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाही. करधोरण, समाजधोरण, शिक्षण धोरण, सगळं एकाच निवेदनात. विभागप्रमुख कोण हे विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

शाहू महाराजांचा क्रम पाहा. १९०१ पासून वसतिगृहं, १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के राखीव जागा, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. आधी छप्पर, मग नोकरीची आशा, मग सक्ती. आपण सक्तीपासून सुरुवात केली आणि छप्पर दुसऱ्या खात्याकडे दिलं.

जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव. पुढे हाच माणूस ‘सर्वांसाठी आरोग्य’ या १९८१ च्या अहवालामागेही होता. शिक्षणवाल्याने आरोग्यात का बोलावं? आज त्यांना नेमकं हेच विचारलं असतं, बहुधा छाननी समितीने.

कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च मागितला. १९६८ च्या धोरणाने तेच म्हटलं, १९८६ च्याही आणि २०२० च्याही. आकडा इतका पाठ झालाय की खर्च करायची गरजच वाटत नाही.

१९८६ ची आणखी एक गंमत. त्या वर्षी शिक्षण धोरण आलं आणि बालकामगार कायदाही आला. कायद्याने फक्त काही धोक्याच्या कामांवर बंदी घातली, बाकीची कामं राहू दिली. धोरणाने कामावर जाणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक वर्ग काढले. दोन खात्यांनी मुलाच्या डोक्यावरून हस्तांदोलन केलं. मूल कामावरच राहिलं.

आणि आज? ऊसतोड कामगाराच्या मुलासाठी शिक्षण खात्याचं हंगामी वसतिगृह आहे. सामाजिक न्याय खात्याचं संत भगवानबाबा वसतिगृहही आहे. लहान भावंडाची अंगणवाडी महिला व बालविकासची. पोरगा आदिवासी असेल तर आश्रमशाळा आदिवासी विकासची. मोठा होऊन आयटीआयला गेला की कौशल्य विकास. एवढी खाती एका पोरामागे! आणि तो कुठे आहे? फडात, आईच्या मागे, वाढे गोळा करत. कारण उचल देताना मुकादमाने ‘कोयता’ मोजला, म्हणजे नवरा-बायको. पोराचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

तेव्हा सामाजिक धोरण आणि शिक्षण धोरण एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम जरूर काढा. एक अट घाला : पहिलं सत्र वर्गात नको. अलियारच्या खोल्यांत, चाकणच्या गेटवर, माजलगावच्या फडात. गटचर्चा नको, पॉवरपॉइंट नको. प्रत्येकाने एक पगारपावती, एक विद्यावेतनाची पावती आणि एक शाळेचा नाकारलेला अर्ज आणायचा. तिन्ही समजले तर पास.

सरावासाठी घरचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्रात २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या आधी, मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचं नाव ‘लाडका भाऊ’ ठेवलं. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८, पदवीधराला १०. मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा. तरुणांनी सरकारी कचेऱ्यांत खरंखुरं काम केलं, मग मुदत संपली आणि कायम करा म्हणत ते आंदोलनाला बसले. निवेदन कोणाला द्यायचं? शिक्षण खात्याला, की सामाजिक न्यायाला?

दोघांनाही नाही. योजना कौशल्य विभागाची आहे आणि त्या विभागाच्या लेखी ते कर्मचारी कधीच नव्हते, प्रशिक्षणार्थी होते.