आत्मचरित्र लिहा, तारखा मिळवा

निवृत्त झालात, मुलगा पुण्यात, आणि नाचणगावातली दुपार सरता सरत नाही. म्हणजे आत्मचरित्राची वेळ झाली. जन्म तुमचा असला तरी पुस्तक भरतं दुसऱ्यांच्या अब्रूवर. तेव्हा पुढच्या पायऱ्या क्रमाने चढा.

१. सुरुवात धुऱ्यापासून करा. शेजारच्या काकाजींनी पोळ्याच्या आदल्या रात्री धुरा दोन हात सरकवला, हे पहिल्याच प्रकरणात ठणकावून लिहा. मोजणीचा नकाशा वगैरे काढत बसू नका. तुम्हाला आठवतं ना? झालं तर मग.

२. 'खरं तेच लिहिलं' म्हणत निर्धास्त राहा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ वाचू नका, झोप उडेल. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते छापण्यात लोकांचं हित होतं, हेही दाखवावं लागतं. काकूंच्या मोडलेल्या पहिल्या सोयरिकीत गावाचं कोणतं हित होतं, ते आत्ताच ठरवून ठेवा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. २०२४ पासून समाजसेवेचीही सोय झाली आहे. चौक झाडता झाडता दुसरा खंड सुचेल.

३. नावं बदला. काकाजींना 'क्ष' म्हणा. पुलगावच्या डेपोतली नोकरी, हिरवी लुना आणि प्रत्येक तेरवीला पहिल्या पंगतीतली जागा मात्र तशीच ठेवा. पानठेल्यावर सुपारी कातरून व्हायच्या आत 'क्ष' कोण ते कळेल. न्यायालयालाही नावाचा आग्रह नसतो, माणूस ओळखू आला की पुरे.

४. जिवंत माणसं नडतात, म्हणून मेलेल्यांवर लिहा. ते स्वतः येत नाहीत, नातू पाठवतात. नातलगांचं मन दुखावण्याच्या हेतूने मृतावर केलेला आरोपही बदनामीच ठरतो. आनंद यादवांना स्वतःवर लिहिलेल्या 'झोंबी'ने साहित्य अकादमी पुरस्कार दिला. 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीच्या वादात मात्र २००९ साली महाबळेश्वरच्या संमेलनाचं अध्यक्षपद गेलं, आणि २०१४ साली पुण्याच्या न्यायालयाने दंडही केला. तुकोबांना जाऊन साडेतीनशे वर्षं उलटली होती, वंशज होते.

५. मोठ्या माणसांना हात घाला. खुशवंत सिंगांच्या आत्मचरित्रावर मनेका गांधींनी १९९५ साली न्यायालयातून मनाई आणली. पुस्तक बाजारात आलं २००२ साली. एवढी वर्षं फुकट जाहिरात! तुमच्यासाठी इतकं कोण करणार, म्हणून वाईट वाटून घेऊ नका. काकाजी आहेत की. फक्त वर्ध्याच्या बसचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं.

६. प्रकाशकाच्या करारावर न वाचता सही करा. 'दावा झाल्यास सर्व खर्च लेखकाचा' ही ओळ बारीक अक्षरात असते. तुमचा मोतीबिंदू तिथे कामी येईल.

७. स्वतःबद्दल वाकडा शब्द लिहू नका. बदल्यात तुम्ही धुरा किती सरकवलात, ते दुसऱ्या आवृत्तीत.

पुस्तक निघालं की दिवस मोजायला लागा. दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एक वर्षाची मुदत असते, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची. तेवढी काढलीत की कायद्यापुरते सुटलात. धुऱ्याला मुदत नसते.